मुक्तस्रोत प्रचालन प्रणाली व विषाणुरोधक संरक्षण

ज्या प्रचालन प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते व पुन्हा वाटता येते, तिला मुक्तस्रोत प्रचालन प्रणाली म्हणतात. घरगुती संगणकावर या वर्गातील लिनक्स ही प्रणाली प्रामुख्याने आढळते. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट व भारतात तयार झालेली बॉस ही तिची काही वितरणे होत. विंडोज प्रणालीवर विषाणुरोधक आज्ञावली, म्हणजे व्यवहारातील अँटिव्हायरस, बसविणे हा दीर्घकाळचा परिपाठ आहे. लिनक्सला अशा आज्ञावलीची गरज नाही, असा समज तितकाच रूढ आहे. हा समज अंशतः खरा आहे. परंतु त्याची कारणे व मर्यादा नीट लक्षात न घेतल्यास तो वापरकर्त्याला गाफील ठेवतो.

विंडोज १० या आवृत्तीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुना पण सुस्थितीतील संगणक टाकून न देता त्यावर लिनक्स बसविण्याकडे अनेक कुटुंबे वळू लागली आहेत, त्यामुळे या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

इतिहास : संगणकीय विषाणू हा केवळ विंडोजचा रोग आहे, ही कल्पना इतिहासाशी जुळत नाही. फ्रेड कोएन या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्ये विषाणूची संकल्पना प्रयोगाने सिद्ध केली, ती युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या व्हॅक्स संगणकावर. त्या प्रयोगांत प्रत्येक वेळी तासाभराच्या आत संगणकाचे सर्वाधिकार विषाणूच्या हाती गेले. लिनक्स ही युनिक्सच्याच धर्तीवर रचलेली प्रणाली आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेला मॉरिस वर्म हादेखील बर्कली युनिक्स चालविणाऱ्या व्हॅक्स व सन संगणकांवर पसरला होता. बाधित संगणकांची संख्या त्या वेळी सु. ६,००० मानली गेली.

दरम्यान वैयक्तिक संगणकाचा प्रसार झाला. त्यावरील डॉस प्रणालीत वापरकर्ते व त्यांचे अधिकार असा भेदच नव्हता. कोणतीही आज्ञावली संगणकाच्या कोणत्याही भागात लिहू शके. लाहोर येथील दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपीवाटे जगभर गेला. १९९० नंतरच्या दशकात भारतात फ्लॉपीवाटे येणाऱ्या विषाणूंचा उपद्रव वाढला. त्या काळात पुण्यात गणकयंत्रे व संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विषाणू काढून टाकणारी आज्ञावली विकसित केली. तीच पुढे ‘क्विक हील’ या नावाने प्रसिद्ध झाली. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे त्यांच्या कंपनीचे मूळ नाव २००७ मध्ये बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले व २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. महाराष्ट्रात अँटिव्हायरस हा शब्द घरोघरी पोहोचण्यास हा उद्योग पुष्कळ अंशी कारणीभूत आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिहिला. त्यावर चालणारी अनेक साधने रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. लिनक्सवरील पहिला विषाणू स्टाओग १९९६ मध्ये व दुसरा ब्लिस १९९७ मध्ये आढळला. दोन्ही फारसे पसरले नाहीत. ब्लिसमध्ये तर बाधित फाइली पूर्ववत करण्याची सोय त्याच्या कर्त्यानेच ठेवली होती. रामेन (२००१) व स्लॅपर (२००२) हे वर्म मात्र प्रत्यक्ष पसरले. त्यांचे लक्ष्य घरगुती संगणक नसून इंटरनेटला सतत जोडलेले सेवासंगणक होते.

रचनेतून मिळणारे संरक्षण : घरगुती लिनक्सवर विषाणू क्वचित आढळतात याची प्रमुख कारणे चार आहेत. (१) अधिकारांची विभागणी : सामान्य वापरकर्ता व ‘रूट’ हा सर्वाधिकारी यांत भेद असतो. सामान्य वापरकर्त्याने चालविलेल्या आज्ञावलीला प्रणालीच्या फाइली बदलता येत नाहीत. त्यासाठी परवलीचा शब्द द्यावा लागतो. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाइलीला चालविण्याचा परवाना आपोआप मिळत नाही. (२) भांडारे : आज्ञावल्या अनोळखी संकेतस्थळांवरून न घेता वितरणाच्या अधिकृत भांडारातून घेतल्या जातात. त्यांवर सांकेतिक सही असते व ती जुळली नाही तर आज्ञावली बसविली जात नाही. सर्व आज्ञावल्यांची सुधारणाही या एकाच मार्गाने होते. (३) विविधता : वितरणे, त्यांच्या आवृत्त्या व पर्यावरणे अनेक असल्याने एकीसाठी लिहिलेली घातक आज्ञावली दुसरीवर चालेलच असे नाही. (४) अल्पसंख्या : जगातील मेजावरील संगणकांपैकी फार थोडे लिनक्सवर चालतात. गुन्हेगाराला श्रमांचे मोल हवे असते व ते जेथे गर्दी असते तेथे मिळते.

यांपैकी पहिली दोन कारणे रचनेची आहेत व ती टिकाऊ आहेत. चौथे कारण परिस्थितीचे आहे. लिनक्सचा वापर वाढेल तसतसे ते क्षीण होईल. अनेकांचे डोळे संहितेवर असतात म्हणून दोष लपत नाहीत, असे पाचवे कारण सांगितले जाते. तथापि संहिता वाचता येणे व ती प्रत्यक्ष वाचली जाणे यांत अंतर आहे. पोलकिट या घटकातील गंभीर दोष २००९ पासून सर्वांसमोर होता; तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला.

संरक्षणाच्या मर्यादा : अधिकारांची विभागणी मुळात अनेकांनी मिळून वापरावयाच्या मोठ्या संगणकासाठी योजलेली होती. एका वापरकर्त्याने दुसऱ्याचे किंवा प्रणालीचे नुकसान करू नये, हा तिचा हेतू होता. घरगुती संगणकावर मौल्यवान काय असते, हे पाहिल्यास तिची मर्यादा कळते. प्रणालीच्या फाइली बिघडल्या तर त्या तासाभरात पुन्हा बसविता येतात. कुटुंबाची छायाचित्रे, सातबारा उतारे, खरेदीखताच्या प्रती, मुलांची प्रमाणपत्रे, बँकेच्या खात्यात शिरण्याची ब्राउझरमधील नोंद या सर्व गोष्टी मात्र सामान्य वापरकर्त्याच्याच ताब्यात असतात. त्यामुळे त्याच्या नावाने चालणाऱ्या घातक आज्ञावलीला त्या वाचण्यास, बाहेर पाठविण्यास किंवा कुलूपबंद करून खंडणी मागण्यास रूटच्या अधिकाराची गरज पडत नाही. शिवाय एक्स ११ या जुन्या दृश्यव्यवस्थेत एका आज्ञावलीला दुसरीत टंकलेली अक्षरे पाहता येतात. वेलँड या नव्या व्यवस्थेत ही त्रुटी दूर करण्यात आली आहे.

भांडारांचा विश्वासही अभेद्य नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन तेथील दुवे मागील दार ठेवलेल्या प्रतीकडे वळविण्यात आले होते. त्या दिवशी प्रत उतरविणाऱ्यांचा संगणक पहिल्या क्षणापासूनच परक्याच्या हाती गेला. मे २०१८ मध्ये उबुंटूच्या स्नॅप भांडारातील एका साध्या खेळात सांकेतिक चलन निर्माण करणारी छुपी आज्ञावली सापडली, तर २०२४ मध्ये त्याच भांडारात सांकेतिक चलनाची बनावट पाकिटे आढळली. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालविलेल्या भांडारातून जुलै २०२५ मध्ये दूरनियंत्रणाची घातक आज्ञावली असलेले संच काढून टाकावे लागले. यावरून असे दिसते, की वितरणाच्या संपादकांनी तपासलेले मूळ भांडार आणि कोणालाही भर घालता येणारी भांडारे यांत भेद केला पाहिजे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण एक्सझेड या संकोचन साधनाचे होय. दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावी सहभागकाने त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागील दार बसविले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सु. अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याचा माग काढून त्याने २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ही संहिता पोहोचली नव्हती. संहिता खुली असल्यामुळे शोध शक्य झाला. मात्र तो एका व्यक्तीच्या चिकाटीमुळे लागला, विषाणुरोधक आज्ञावलीमुळे नव्हे.

भारतातील अनुभव : भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, म्हणजे बॉस, ही डेबियनवर आधारलेली प्रणाली प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) चेन्नई शाखेत तयार होऊन २००७ मध्ये प्रसृत झाली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असल्याने शासकीय कार्यालयांत तिचा वापर होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार ट्रान्सपरंट ट्राइब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हेरगिरी करणाऱ्या गटाने बॉस वापरणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांना लक्ष्य केले. पत्रासोबत आलेल्या संकुचित फाइलीत बैठकीच्या सूचनेसारखे नाव व पीडीएफचे चिन्ह धारण केलेली फाइल होती. प्रत्यक्षात ती आज्ञावली सुरू करणारी ‘डेस्कटॉप’ प्रकारची फाइल होती. ती उघडताच समोर खोटा दस्तऐवज दिसे व पार्श्वभूमीवर घातक आज्ञावली उतरविली जाई. याच गटाने त्यापूर्वी शासकीय कर्मचाऱ्यांच्या ‘कवच’ या प्रवेशसाधनाची बनावट लिनक्स आवृत्ती पसरविल्याचे २०२३ मध्ये उघड झाले होते. या दोन्ही प्रकारांत प्रणालीची तटबंदी फोडावी लागली नाही. दार वापरकर्त्यानेच उघडले.

संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली बसविण्याचे ठरविल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्याबरोबर ‘चक्रव्यूह’ ही घातक आज्ञावल्यांना अटकाव करणारी व्यवस्थाही योजण्यात आली. मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारणाऱ्या संस्थेनेही अशा व्यवस्थेची गरज मानली, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र संस्था व घर यांच्यापुढील धोके सारखे नसतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या हल्ल्यात सु. ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. बँकांच्या एटीएम व्यवहारांची यंत्रणा फसविणाऱ्या फास्टकॅश या आज्ञावलीचे युनिक्स-कुलातील एआयएक्स प्रणालीवरील रूप २०१८ मध्ये व लिनक्सवरील रूप २०२४ मध्ये आढळले. अशा ठिकाणी एकेका संगणकामागे अनेक दिवस खर्च करणे गुन्हेगाराला परवडते. घरगुती संगणकाच्या वाट्याला येतात ते बहुधा सरसकट टाकलेले गळ.

विषाणुरोधक आज्ञावलीचे कार्य व तिचे मोल : विषाणुरोधक आज्ञावली मुख्यतः ज्ञात विषाणूंच्या खुणांशी फाइली ताडून पाहते, काही आज्ञावल्या संशयास्पद वर्तनही हेरतात. लिनक्सवर सर्वाधिक प्रचलित असलेली क्लॅमएव्ही ही स्वतः मुक्तस्रोत आहे. २००७ मध्ये ती सोर्सफायर व २०१३ मध्ये सिस्को या कंपनीकडे गेली. तिचा मुख्य उपयोग टपाल-सेवासंगणकावर येणारी पत्रे तपासण्याचा आहे आणि तिच्या संग्रहातील बहुसंख्य खुणा विंडोजवरील घातक आज्ञावल्यांच्या आहेत. क्विक हीलनेही लिनक्ससाठी आवृत्ती काढली होती.

अशा संरक्षणाचे मोलही द्यावे लागते. सर्व खुणा स्मृतीत ठेवाव्या लागत असल्याने क्लॅमएव्हीच्या निर्मात्यांनी किमान ३ जीबी स्मृतीची शिफारस केली आहे. जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपला लिनक्सने नवे आयुष्य द्यावे आणि त्यावर ही आज्ञावली सतत चालवावी, या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरतात. दुसरे असे, की प्रत्येक संशयास्पद फाइल उकलून पाहणे हेच या आज्ञावलीचे काम असल्याने तिच्यातील दोष विशेष घातक असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्हीच्या एका उकलयंत्रणेत असा दोष जाहीर झाला, की मुद्दाम रचलेली फाइल केवळ तपासल्याने हल्लेखोराची संहिता चालू शकली असती. त्याची दुरुस्ती लगेच झाली; परंतु रक्षक स्वतःच प्रवेशद्वार होऊ शकतो हे त्यातून स्पष्ट झाले. तिसरे मोल मानसिक आहे : अँटिव्हायरस आहे म्हणून सुधारणा टाळल्या जातात व अनोळखी फाइली निर्धास्तपणे उघडल्या जातात.

वाहक संगणक : लिनक्सला बाधा न करणारा विषाणू लिनक्सवाटे पुढे जाऊ शकतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. या तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान संकुल आहे. इन्फोसिस, विप्रो, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस इ. कंपन्यांची कार्यालये तेथे असून लिनक्सचे सेवासंगणक सांभाळणे हा तेथील अनेकांचा नित्याचा व्यवसाय आहे. त्याच तालुक्यात पौड हे मुख्य ठिकाण व धरणाभोवतीची गावे आहेत. तेथील घरचा संगणक हा दाखले, उतारे व प्रवेशअर्ज यांसाठी वापरला जातो. अर्जासाठी स्कॅन केलेली कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घालून सेवा केंद्रात वा छपाईच्या दुकानात नेली जातात व तोच पेन ड्राइव्ह परत घरी येतो. दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह लागणाऱ्या संगणकावर मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी फसवे शॉर्टकट ठेवणारे विंडोजवरील विषाणू सहज पसरतात. लिनक्सवर हे शॉर्टकट निरुपद्रवी ठरतात. लपविलेले फोल्डर तेथे बहुधा दिसतातही. परंतु फाइली तशाच ठेवून पेन ड्राइव्ह शेजाऱ्याच्या, शाळेच्या किंवा कार्यालयाच्या विंडोज संगणकाला लावल्यास संसर्ग पुढे जातो. अशा देवघेवीच्या ठिकाणी मागणीनुसार तपासणी करणारी विषाणुरोधक आज्ञावली उपयुक्त ठरते. वाईन या साधनाने लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावल्या चालविणाऱ्यांना व एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

घरातील दुर्लक्षित साधने : घरात इंटरनेट आणणारा राउटर व पाळतीचा कॅमेरा हेही बहुधा लिनक्सवरच चालतात. २०१६ मध्ये मिराई या घातक आज्ञावलीने कारखान्यातून येणाऱ्या परवलीच्या शब्दांच्या सु. ६० जोड्या वापरून अशी असंख्य साधने ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी तिच्या साहाय्याने झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. या साधनांवर घरच्या वापरकर्त्याला विषाणुरोधक आज्ञावली बसविता येत नाही. मूळचा परवलीचा शब्द बदलणे व निर्मात्याच्या सुधारणा घेणे हेच त्यांचे संरक्षण होय.

घरगुती वापरासाठी योग्य व्यवस्था : वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. केवळ लिनक्स वापरणाऱ्या, अधिकृत भांडारातून आज्ञावल्या घेणाऱ्या व सुधारणा वेळेवर करणाऱ्या घराला सतत चालणाऱ्या विषाणुरोधक आज्ञावलीची सामान्यतः आवश्यकता नाही. विंडोजच्या संगणकांशी फाइलींची देवघेव असल्यास मागणीनुसार तपासणी करणारी आज्ञावली ठेवावी. तिच्यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी अशा : (१) साहाय्य चालू असलेलीच आवृत्ती वापरणे, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे सर्वसाधारण साहाय्य मिळते व मुदत संपलेल्या आवृत्तीचे दोष विषाणुरोधक आज्ञावली बुजवू शकत नाही. (२) प्रणालीची प्रत उतरविल्यावर तिची पडताळणी-बेरीज व सही तपासणे. ही माहिती शक्यतो दुसऱ्या मार्गाने मिळवावी, कारण मिंटच्या प्रसंगी संकेतस्थळच परक्याच्या ताब्यात होते. (३) कोणी सांगितलेली आज्ञा न समजता रूटच्या अधिकाराने न चालविणे. (४) घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र खाते ठेवणे, विशेषतः बँकेचे व्यवहार व मुलांचे खेळ एकाच खात्यातून न करणे. (५) ब्राउझरमध्ये मोजक्याच विश्वासू जोडआज्ञावल्या ठेवणे. (६) महत्त्वाच्या फाइलींची प्रत एरवी संगणकाला न जोडलेल्या तबकडीवर नियमित घेणे. खंडणीखोर आज्ञावलीपासून छायाचित्रे व कागदपत्रे खात्रीने परत मिळविण्याचा हा एकच उपाय आहे. तो तबकडी नादुरुस्त होणे व चोरी यांवरही चालतो.

फसव्या दूरध्वनीला भुलून सांगितलेला एकवेळचा संकेतांक किंवा बँकेच्या खोट्या पानावर टंकलेला परवलीचा शब्द यांना प्रणालीचा भेद नसतो. तेथे लिनक्स व विंडोज सारखेच असहाय असतात. अशा प्रसंगी पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळविणे आवश्यक असते. केंद्र शासनाच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र बाधित संगणक व भ्रमणध्वनी स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य पुरविते.

मुक्तस्रोत प्रणालीने विषाणूंचा धोका नाहीसा केलेला नाही. त्याचे स्थान बदलले आहे. प्रणालीचे दार भक्कम झाल्याने हल्ला वापरकर्त्याच्या सवयींवर, त्याने विश्वास ठेवलेल्या भांडारांवर व घरातील दुर्लक्षित साधनांवर होतो. त्यांपैकी थोड्याच ठिकाणी विषाणुरोधक आज्ञावली उपयोगी पडते. उरलेल्या ठिकाणी नियमित सुधारणा, सावधपणा व वेगळी ठेवलेली प्रत यांवरच विसंबावे लागते.